पापणीची उघडझाप आणि दुरुस्तीचा अर्थ

वरच्या पापणीला दोन कामे आहेत आणि ती एकमेकांच्या उलट आहेत: उघडणे आणि मिटणे. उघडण्याचे काम मुख्यतः लिव्हेटर हा स्नायू करतो. तो डोळ्याच्या खोबणीत अगदी आतून निघतो, डोळ्याच्या वरून पुढे येतो आणि पापणीत पसरतो. त्याच्या मागे चिकटलेला म्युलरचा लहानसा स्नायू आणखी सुमारे २ मिमी उचल देतो. मिटण्याचे काम डोळ्याभोवती कड्यासारख्या पसरलेल्या ऑर्बिक्युलॅरिस स्नायूचे. निरोगी पापणीत एक ओढतो तेव्हा दुसरा सैल पडतो. म्हणूनच जागेपणी मिनिटाला पंधराएक वेळा होणारी उघडझाप कोणाच्या ध्यानातही येत नाही.

जन्मापासून पापणी खाली उतरलेली असते त्या दोषाला डॉक्टर टोसिस म्हणतात. अशा बहुतेक मुलांमध्ये लिव्हेटर स्नायूची घडणच कच्ची राहिलेली असते. स्नायूच्या तंतूंच्या जागी चिवट धागे आणि चरबी भरलेली असते. असा स्नायू नीट आवळत नाही आणि नीट सैलही होत नाही. त्यामुळे समोर पाहताना खाली दिसणारी ती पापणी, मूल जमिनीकडे पाहू लागले की, निरोगी पापणीपेक्षा वर अडकून राहते. शस्त्रक्रिया कच्च्या स्नायूला पक्का करू शकत नाही. ती पापणी उचलून धरण्याची पर्यायी सोय लावते, आणि या उचलीची किंमत मिटण्याच्या खात्यातून वळती होते.

जन्मजात पापणीदोषांवरच्या सगळ्या शस्त्रक्रियांची तुलना या एका व्यवहाराभोवती फिरते. यातली कोणतीही पद्धत निसर्गाची पापणी परत देत नाही. प्रत्येक पद्धत एक उणीव काढते आणि दुसरी, सोसवेल अशी, ठेवते. कोणती उणीव ठेवायची हे शल्यविशारद आणि आईवडील ठरवतात. तिच्यासह जगायचे असते मुलाला. त्यामुळे ‘दुरुस्ती म्हणजे काय’ हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या टेबलावर येण्याआधीच तत्त्वज्ञानाचा आणि धर्मविचाराचा झालेला असतो.

दोष कशाला म्हणायचे

गर्भाच्या तिसऱ्या महिन्यात वरची आणि खालची पापणी एकमेकींना चिकटतात आणि पाचव्या ते सातव्या महिन्यांच्या दरम्यान पुन्हा सुट्या होतात. मांजराचे पिल्लू डोळे मिटलेलेच जन्माला येते. माणसाच्या बाबतीत हा टप्पा पोटातच उरकतो. या वाटेवर कुठे खंड पडला की वेगवेगळे दोष उरतात. दोन्ही पापण्या बारीक दोऱ्यांनी जोडलेल्या राहिल्या तर त्या कात्रीने सोडवता येतात. हा सर्वांत सोपा प्रकार. पापणीच्या कडेचा तुकडाच तयार झाला नाही तर तिथे खाच राहते, तिला कोलोबोमा म्हणतात. डोळ्याची फट अरुंद, पापण्या उतरलेल्या, डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांतले अंतर वाढलेले आणि त्या कोपऱ्यावर खालून वर चढणारी कातड्याची घडी, हे चारही एकत्र आले तर त्याला ब्लेफॅरोफायमोसिस सिंड्रोम म्हणतात. तो फॉक्सएल२ या जनुकातल्या बदलाने होतो; हे जनुक २००१ साली ओळखले गेले.

याच यादीत दोन असे प्रकार आहेत की त्यांना दोष म्हणावे की नाही हेच ठरत नाही. आतल्या कोपऱ्यावरची साधी घडी, म्हणजे एपिकँथस, अनेक बाळांना असते आणि नाकाचा उंचवटा वाढला की विरून जाते. पूर्व आशियातल्या कोट्यवधी लोकांमध्ये ती आयुष्यभर राहते आणि तो त्यांच्या चेहऱ्याचा स्वाभाविक भाग असतो. खालच्या पापणीचे कातडे किंचित वर सरकून केस डोळ्याकडे वळवणारा एपिब्लेफॅरॉनही त्याच भागातल्या मुलांमध्ये जास्त आढळतो आणि बऱ्याच वेळा वाढत्या वयात आपोआप मिटतो.

‘दोष’ या शब्दाची व्याख्या करण्याचे प्रयत्न जुने आहेत. ॲरिस्टॉटलने प्राण्यांच्या उत्पत्तीवर लिहिताना म्हटले होते की, विकृत जन्म बहुतांशी घडते त्याच्या विरुद्ध असतो, पण समग्र निसर्गाच्या विरुद्ध काहीच घडत नसते. विसाव्या शतकात याच्या दोन फांद्या झाल्या. ख्रिस्तोफर बूर्स या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७७ मध्ये आरोग्याची संख्याधिष्ठित व्याख्या मांडली: त्या जातीच्या, त्या वयाच्या, त्या लिंगाच्या सर्वसाधारण प्राण्यात अवयव जेवढे काम करतो त्याहून कमी केले तर तो आजार. याच्या आधी, १९४३ मध्ये, फ्रान्समधले वैद्य आणि तत्त्वज्ञ जॉर्ज कांगिलेम यांनी उलट मांडणी केली होती: सरासरी म्हणजे आरोग्य नव्हे, बदलत्या परिस्थितीत स्वतःचे नवे नियम बसवून जगण्याची क्षमता म्हणजे आरोग्य. टोसिस असलेले मूल हनुवटी वर करून, भुवया ताणून फटीतून पाहायला शिकते. बूर्सच्या मोजपट्टीवर ते आजारी आहे. कांगिलेमच्या दृष्टीने त्याने आपला एक नियम शोधून काढला आहे. मात्र हा नियम मानेवर ताण आणतो आणि पर्याय कमी करतो, म्हणून तोही पूर्ण आरोग्य नव्हे. नेत्रशल्यविशारदाच्या खोलीत दोन्ही व्याख्या एकाच वेळी वापरात असतात.

कारणाचा प्रश्न

जन्मजात व्यंग दिसले की पहिला प्रश्न उपचाराचा नसतो, ‘का’ हा असतो. महाराष्ट्रात या प्रश्नाचे एक ठरलेले उत्तर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे: ग्रहण. गरोदर बाईने ग्रहणात चिरू-कापू नये, सुई हाती धरू नये, नाहीतर बाळाच्या ओठाला, कानाला किंवा पापणीला खाच पडते, अशी समजूत आहे. पापणीची खाच ही या समजुतीत चपखल बसते, कारण ती खरोखर कापल्यासारखी दिसते. पण पापणीची कड गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांतच घडते आणि तिचा विळीशी काही संबंध नाही. या समजुतीचे खरे नुकसान शास्त्रीय नाही, नैतिक आहे: तिच्यामुळे दोषाचा सगळा भार आईच्या माथी पडतो.

आयुर्वेदाने कारणांची विभागणी अधिक सावधपणे केली होती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात रोगांचे सात वर्ग आहेत. आईवडिलांच्या बीजातून आलेले ते आदिबलप्रवृत्त, गर्भावस्थेत उद्भवलेले ते जन्मबलप्रवृत्त; याशिवाय दोषांमुळे, आघातामुळे, ऋतूंमुळे, दैवामुळे आणि स्वभावतः होणारे असे आणखी पाच. जन्मजात व्यंगासाठी इथे दोन स्वतंत्र घरे आहेत, आणि दैवबल हा वर्ग त्यांच्यापासून वेगळा ठेवला आहे. आजच्या भाषेत ब्लेफॅरोफायमोसिस पहिल्या घरात बसतो, कारण तो वंशाने उतरतो आणि बाधित आईकडून किंवा वडिलांकडून प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते.

मग कर्मसिद्धान्ताचे काय? व्यंग हे पूर्वकर्माचे फळ असेल तर ते दुरुस्त करणे म्हणजे फळ भोगण्यात अडथळा आणणे ठरते का, अशी शंका घेतली जाते. चरकसंहितेच्या विमानस्थानात याचे उत्तर आहे. पूर्वदेहात केलेले कर्म म्हणजे दैव आणि या देहात केलेला प्रयत्न म्हणजे पुरुषकार. यांतले जे बलवान असेल ते दुसऱ्यावर मात करते. दुर्बळ दैव प्रयत्नाने हटते. याचा तर्क सरळ आहे: सगळेच दैवाने ठरलेले असते तर औषध, पथ्य, वैद्य यांपैकी कशालाच अर्थ उरला नसता. कर्म मानणाऱ्या परंपरेतही उपचार हे कर्मच आहे, कर्माविरुद्धचे बंड नव्हे.

ख्रिस्ती परंपरेत हाच प्रश्न योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात येतो. जन्मांध माणूस दिसताच शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो आणि ईश्वराचे काम त्याच्या ठायी दिसावे म्हणून असे झाले असे सांगून, मातीचा लेप करून त्याला बरे करतो. प्रश्न भूतकाळाचा होता. उत्तर पुढे काय करायचे याचे आहे. इस्लाममध्ये अडचण वेगळ्या बाजूने उभी राहते. कुराणाच्या चौथ्या सूऱ्यात अल्लाहने घडवलेली रचना बदलायला लावणे हे सैतानाचे काम म्हटले आहे. मात्र पैगंबरांच्या अरफजा नावाच्या सहकाऱ्याची हदीस या वचनाच्या शेजारी ठेवली जाते. लढाईत नाक गेलेल्या या माणसाने चांदीचे नाक बसवले, ते सडून वास येऊ लागला, तेव्हा पैगंबरांनी त्याला सोन्याचे बसवायला सांगितले, एरवी पुरुषाला सोने निषिद्ध असूनही. या आधारावर आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने २००७ मध्ये जन्मजात दोष सुधारणाऱ्या शस्त्रक्रियेला मुभा दिली आणि निव्वळ रूप पालटण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला दिली नाही. घडण पूर्ववत करणे आणि घडण बदलणे यांतला हा भेद पुढे पुन्हा लागेल.

मोजपट्टी

टोसिसची तपासणी साध्या मोजपट्टीने होते. डॉक्टर मुलाच्या भुवईवर अंगठा घट्ट दाबून धरतात, म्हणजे कपाळाच्या स्नायूची चोरटी मदत बंद होते. एखादे खेळणे गुडघ्यापाशी धरून मुलाला खाली पाहायला लावतात, मग तेच खेळणे वर नेतात. या दोन टोकांमध्ये पापणीची कड किती मिलिमीटर सरकली तेवढी लिव्हेटरची ताकद. निरोगी पापणी १२ ते १५ मिमी किंवा अधिक सरकते. ८ मिमीच्या पुढे ताकद चांगली, ५ ते ७ मध्यम, ४ किंवा त्याहून कमी म्हणजे क्षीण. पापणी किती उतरली आहे हे वेगळे मोजतात: २ मिमी सौम्य, ३ मध्यम, ४ किंवा अधिक तीव्र.

याबरोबर आणखी दोन गोष्टी पाहिल्या जातात. पहिली मिटण्याच्या बाजूची आहे. पापण्या जबरदस्तीने उघड्या धरून मुलाला डोळे मिटायला सांगितले तर बुबुळ वर पळते का? हे संरक्षक वळण चार्ल्स बेल यांच्या नावाने ओळखले जाते. ते नसेल तर अर्धवट उघड्या राहिलेल्या डोळ्याचा कॉर्निया झोपेत सुकण्याचा धोका मोठा. दुसरे, मूल दूध पिताना किंवा चघळताना पापणी उडते का? जबड्याच्या मज्जातंतूची तार चुकून पापणीला जोडली गेलेला हा प्रकार रॉबर्ट मार्कस गन यांनी १८८३ मध्ये नोंदवला. तिथे नुसती पापणी उचलली तर उडणे अधिकच डोळ्यांत भरते.

पद्धतींची तुलना

पापणी थोडीच उतरलेली आणि लिव्हेटर चांगला असेल तर आतल्या बाजूने, पापणी उलटून, काम भागते. १९६१ मधली फॅसनेला आणि सर्व्हॅट यांची पद्धत आणि १९७५ मधली पुटरमन आणि युरिस्ट यांची म्युलर स्नायू आखडण्याची पद्धत या गटातल्या. बाहेर व्रण राहत नाही, मिटणे फारसे बिघडत नाही. पण मिळणारी उचलही बेताचीच असते, आणि जन्मजात टोसिसच्या बहुतेक मुलांना ती पुरत नाही.

मध्यम ताकदीच्या पापणीसाठी लिव्हेटरच आखडून घेतात. बोमन यांनी १८५७ मध्ये आतल्या बाजूने आणि एव्हरबुश यांनी १८८३ मध्ये बाहेरून, कातडीतून, हा मार्ग दाखवला. पापणीच्या घडीत छेद घेऊन स्नायू सोडवतात, गरजेनुसार १० ते २५ मिमीपर्यंत कापतात आणि उरलेला भाग पापणीच्या कडक पट्टीला शिवतात. मोठ्या माणसाला भूल जागेपुरती दिलेली असते. त्याला उठवून बसवून, डोळे उघडायला सांगून टाका कमीजास्त करता येतो. मूल पूर्ण भुलीत असते. त्याची पापणी कुठे स्थिरावेल याचा अंदाज झोपलेल्या चेहऱ्यावरून बांधावा लागतो. शल्यविशारद बर्के यांचा अनुभव असा की, ताकद चांगली असेल तर पापणी नंतर थोडी वर चढते आणि क्षीण असेल तर खाली घसरते. म्हणून टाका मुद्दाम थोडा चुकवून घालावा लागतो. या पद्धतीची जमेची बाजू ही की पापणी आपल्याच स्नायूने, आपल्याच दिशेने उचलली जाते. उणी बाजू ही की कापलेला स्नायू परत मिळत नाही.

लिव्हेटर क्षीण असेल तर तो कितीही आखडला तरी उपयोग नसतो. मग पापणी कपाळाच्या फ्रंटॅलिस स्नायूला टांगतात. भुवई वर केली की पापणी वर जाते. टांगण्यासाठी मांडीच्या बाहेरच्या बाजूची फॅशिया लॅटा ही चिवट पट्टी वापरण्याची कल्पना पायर यांनी १९०९ मध्ये आणली आणि क्रॉफर्ड यांनी १९५६ मध्ये तिला मुलांसाठी सुटसुटीत रूप दिले. गुडघ्याच्या वर एक छोटा छेद, त्यातून काढलेली पट्टी, तिच्या २ ते ३ मिमी रुंदीच्या वाद्या. पापणीच्या कडेजवळ आणि भुवईच्या वर लहान छेद, आणि त्यांतून सुईने ओवलेले दोन त्रिकोण. गाठ कपाळावर बसते. वाद्या पुरेशा लांब मिळायला मूल तीन-चार वर्षांचे व्हावे लागते. तोवर थांबणे शक्य नसेल तर सिलिकॉनचा दांडा वापरतात. तो लवचिक असतो, सैल किंवा घट्ट करता येतो, काढताही येतो. पण काही वर्षांनी पापणी पुन्हा उतरण्याचे आणि दांडा बाहेर येण्याचे प्रमाण स्वतःच्या फॅशियापेक्षा जास्त. मृत दात्याची साठवलेली फॅशिया मांडीवरचा छेद वाचवते, मात्र काळाच्या ओघात ती विरघळू शकते.

पापणी कपाळाला बांधण्याची कल्पना भारतात फार जुनी आहे. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात पापण्यांचे एकवीस रोग सांगितले आहेत. त्यांतल्या पक्ष्मकोपात, म्हणजे केस डोळ्यात वळण्याच्या विकारात, भुवईखालचे कातडे जवाच्या दाण्याच्या आकारात कापून, केसाने शिवून, टाक्यांची टोके कपाळावर बांधलेल्या पट्टीला अडकवायला सांगितली आहेत. जखम स्थिरावली की टाके काढायचे. तिथला आधार तात्पुरता होता. आजच्या टांगणीतला कायमचा आहे.

कायमच्या टांगणीची किंमतही कायमची असते. फ्रंटॅलिस पापणी वर ओढतो, पण डोळ्याच्या गोलाईवरून मागे सरकवत नाही. मूल झोपते तेव्हा पापण्यांमध्ये फट उरते, आणि आईला रोज रात्री डोळ्यात मलम घालावे लागते. खाली पाहताना पापणी बरोबर येत नाही, नजर रोखल्यासारखी दिसते. महाभारताच्या वनपर्वातल्या नलदमयंती आख्यानात स्वयंवराच्या मंडपात पाच नल उभे राहतात, त्यांतले चार देव. दमयंती खऱ्या नलाला ओळखते ती त्याच्या उणिवांवरून: त्याला घाम येतो, सावली पडते, माळ सुकते आणि त्याची पापणी लवते. देवांची लवत नाही. या कथेत पापणी मिटणे ही मर्त्यपणाची खूण आहे, आणि त्याच खुणेमुळे तो माणूस हवासा ठरतो. पापणी जितकी देखणी उंच, तितकी ही खूण पुसट होते. म्हणून अनुभवी शल्यविशारद बेल यांचे वळण कमजोर असलेल्या मुलात पापणी जाणूनबुजून थोडी खालीच ठेवतात. बाहुली मोकळी झाली की पुरे.

खाचेच्या बाबतीत हिशेब उलटा असतो. कोलोबोमात डोळा झाकलाच जात नाही आणि कॉर्निया उघडा पडतो. पाव पापणीपर्यंतची खाच कडा ताज्या करून सरळ शिवतात. त्याहून मोठी असेल तर बाहेरच्या कोपऱ्यातली वादी सोडवून किंवा टेंझल यांचा अर्धवर्तुळी कातडीचा पदर सरकवून भरतात. कटलर आणि बिअर्ड यांच्या १९५५ मधल्या पद्धतीत खालच्या पापणीचा तुकडा वर नेऊन काही आठवडे डोळा बंद ठेवतात. मोठ्या माणसाला हे चालते. लहान मुलात तेवढा काळ बंद ठेवलेला डोळा पाहायला शिकायचाच राहून जाऊ शकतो. ब्लेफॅरोफायमोसिसमध्ये एकच शस्त्रक्रिया पुरत नाही. बहुधा आधी आतल्या कोपऱ्याची घडी आणि अंतर सुधारतात आणि काही महिन्यांनी पापणी टांगतात, कारण कोपऱ्यावरचा आडवा ताण पापणीला खाली ओढतो. पण पापणीने बाहुली पूर्ण झाकली असेल तर हा क्रम मोडावा लागतो.

निरोगी पापणीचा बळी

एका बाजूचा तीव्र टोसिस हा या विषयातला सर्वांत कठीण नैतिक प्रसंग आहे. एकच पापणी टांगली तर मूल भुवई उचलायला विसरते, कारण दुसऱ्या डोळ्याने त्याला नीट दिसत असते. टांगणी सैल राहते, खाली पाहताना दोन पापण्या दोन तऱ्हांनी वागतात. क्रॉवेल बिअर्ड यांनी १९६५ मध्ये यावर धीट उपाय सुचवला: निरोगी पापणीचा लिव्हेटरही कापून टाकावा आणि दोन्ही पापण्या टांगाव्यात, म्हणजे दोन्ही सारख्या हलतील. कॅलाहन यांनी १९७२ मध्ये सौम्य पर्याय मांडला: निरोगी लिव्हेटर तसाच ठेवून दोन्ही बाजू टांगाव्यात. तिसरा पर्याय, फक्त बाधित बाजू टांगून असमानता पत्करण्याचा.

थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात अवयव कापण्याचा विचार करताना नियम घालून दिला होता की, सडलेला अवयव सबंध शरीराला धोका देत असेल तर तो काढता येतो, कारण भाग हा समग्रासाठी असतो. पण निरोगी अवयव काढणे म्हणजे समग्रालाच उणे करणे. या नियमाने पाहिले तर बिअर्ड यांच्या उपायाचा निकाल ‘समग्र’ म्हणजे काय यावर लागतो. समग्र म्हणजे कामांची बेरीज असेल तर चांगली पापणी बिघडवणे हे नुकसानच. समग्र म्हणजे इतरांना सामोरा जाणारा चेहरा असेल तर सारखेपणा हेही त्याचे हित ठरते. दोन्ही अर्थ खोटे नाहीत. पण नुकसान नक्की आहे आणि लाभ संभाव्य. शिवाय कापलेला लिव्हेटर हा निर्णय मागे घेऊ देत नाही. अनेक पालक निरोगी डोळ्याला हात लावू देत नाहीत. त्यांचा हा नकार अडाणी म्हणून उडवून लावता येत नाही. अक्वायनस यांचा युक्तिवाद तेच शब्दांत मांडतो.

वेळ आणि संमती

ज्याच्या चेहऱ्यावर हे घडणार ते मूल संमती देऊ शकत नाही. तत्त्वज्ञ जोएल फाइनबर्ग यांनी १९८० मध्ये मुलाच्या ‘खुल्या भविष्याच्या हक्का’ची मांडणी केली: मोठे झाल्यावर जे निर्णय त्याने स्वतः घ्यायचे, ते आज घेऊन त्याचे रस्ते बंद करू नयेत. यावरून थांबणे हेच न्याय्य वाटते. पण डोळ्याच्या बाबतीत थांबणे तटस्थ नसते. ह्युबेल आणि वीझेल यांनी १९६० च्या दशकात मांजराच्या पिल्लांची एक पापणी शिवून ठेवली. काही महिन्यांनी ती उघडली तेव्हा डोळा निरोगी होता, पण मेंदूच्या दृष्टिकेंद्राने त्याच्याकडे पाठ फिरवली होती. मोठ्या मांजरात असे झाले नाही. या संशोधनाला १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बाहुली झाकणारी पापणी बाळाच्या डोळ्यावर तोच प्रयोग करत असते. आळशी डोळा म्हणतात तो असा घडतो, आणि सात-आठ वर्षांनंतर तो जागा करणे फार अवघड जाते.

म्हणून संमतीच्या दृष्टीने एकाच दोषाचे दोन भाग करावे लागतात. दृष्टी धोक्यात असेल तर खुले भविष्य राखण्यासाठीच आज कापावे लागते. तिथे सिलिकॉनचा दांडा उपयोगी, कारण तो दृष्टी वाचवतो आणि पुढचा, पक्का निर्णय मुलासाठी शिल्लक ठेवतो. दृष्टी सुरक्षित असेल आणि प्रश्न दिसण्याचा असेल तर थांबायला हरकत नाही. मूल शाळेत जाऊ लागले, चिडवणे सुरू झाले की पालकांची घाई समजण्यासारखी असते. तरी पाच-सहा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या चेहऱ्याविषयी काय वाटते हे विचारता येते, आणि मोजमापही त्या वयात अधिक भरवशाचे मिळते.

सुधारणे आणि बदलणे

आतल्या कोपऱ्याची घडी हा सुधारणे आणि बदलणे यांच्या सीमेवरचा प्रदेश. ब्लेफॅरोफायमोसिसमध्ये ती काढणे ही सुधारणा आहे, कारण तिच्यामुळे डोळ्याची फट अरुंद होते. पण तीच घडी, किंवा पापणीवर दुमड नसणे, एका प्रदेशात नित्याचे आणि दुसऱ्या प्रदेशातल्या पाठ्यपुस्तकात वैगुण्य ठरते. जपानमध्ये मिकामो यांनी १८९६ मध्ये दुमड तयार करण्याची शस्त्रक्रिया नोंदवली. अमेरिकी शल्यविशारद मिलर्ड यांनी कोरियातल्या अशा शस्त्रक्रियांवर १९५५ मध्ये लिहिले, तेव्हा त्यांचा मापदंड पाश्चात्त्य डोळ्याचा होता. बूर्सची व्याख्या इथे कोणता गट ‘सर्वसाधारण’ धरायचा या प्रश्नावर अडते. गट बदलला की आजार नाहीसा होतो. असे ज्याचे होते त्याला आजार म्हणणे कठीण. उलट, झाकलेली बाहुली कोणत्याही देशात झाकलेलीच असते.

या सगळ्यातून निवडीचा एक क्रम हाती येतो. कॉर्निया किंवा दृष्टी धोक्यात असेल तर उपचार हे कर्तव्य आहे. वर पाहिलेल्या तिन्ही धर्मपरंपरा त्याला आड येत नाहीत. मान आणि नजर यांची ओढाताण होत असेल तर पद्धत अशी निवडावी की उघडण्याचा लाभ मिटण्याच्या हानीपेक्षा मोठा राहील. निव्वळ सारखेपणासाठी निरोगी भाग खर्ची घालायचा असेल, किंवा दोष हा केवळ दुसऱ्या प्रदेशाच्या चेहऱ्याशी तुलना केल्याने निर्माण होत असेल, तर निर्णय मूल स्वतः घेऊ शकेल तोवर थांबण्याकडे झुकते माप द्यावे. आणि कोणतीही पद्धत निवडली तरी शस्त्रक्रियेआधी पालकांना हे स्पष्ट सांगावे लागते की पापणी वर येईल, पण खाली पाहताना ती मागे राहील आणि झोपेत डोळा थोडा उघडा दिसेल. आधी सांगितले तर ती पद्धतीची मर्यादा म्हणून स्वीकारली जाते. घरी गेल्यावर, निजलेल्या मुलाकडे पाहताना कळले तर तीच फसवणूक वाटते.